नऊ हजार नऊशेचा सेल

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय गोकुळ,

'प्रिय' लिहिलं. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं. धाकट्या भावाला दुसरं काय लिहितात ते मला माहीत नाही. पण हे मायेचं पत्र समजून वाचायला बसू नकोस. मी रागात आहे, आणि हा राग तुझ्या माझ्यातल्या नेहमीच्या भांडणातला नाही. ती भांडणं आईच्या हातच्या भाकरीसोबत संपायची. तू माझा फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस. राखीला मी दुपारपर्यंत ताट वाढून बसले होते, तर तुझ्या बायकोचा, सोनियाचा निरोप आला की दुकानात गर्दी आहे, जमणार नाही. गारखेड्यातून इथं यायला वीस मिनिटं लागत नाहीत. म्हणून लिहायला बसले. हे पत्र मी सोनियाच्या हातात देणार आहे, पाकीट न चिकटवता. तिनं वाचलं तरी चालेल. वकिलाला दाखवायचं असेल तर त्यालाही दाखव.

आधी आपल्या शेजारच्या गीतामावशींची खबर देते, कारण तू विचारणार नाहीस. जखम भरली. उजव्या तळहातावर गुलाबी, ताणलेली कातडी आली आहे, ऊन लागलं की तिची आग होते. अंगठा अर्धाच वळतो आणि पहिलं बोट वळतच नाही. पिको-फॉल करणाऱ्या बाईला सुई धरायला हीच दोन बोटं लागतात. मशीन त्यांनी चादर टाकून झाकून ठेवलं आहे. गल्लीतल्या बायका अजून सवयीनं साड्या घेऊन येतात, आणि मावशी त्यांना पुढच्या चौकातल्या दुकानाचा पत्ता सांगतात. परवा मी बसले असताना तिघींना सांगितला. पत्ता सांगताना आवाज अगदी साधा होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तुला आठवतं का ते मला माहीत नाही, पण आपल्या घरात टॉर्चला बॅटरी म्हणायचे आणि बॅटरीला सेल. अण्णांची तीन सेलांची पितळी बॅटरी होती. उजेड पिवळा पडला की आई सेल काढून गच्चीवर उन्हात ठेवायची, आणि तू त्यांच्या राखणीला बसायचास, जणू पापडच वाळत घातलेत. दोन दिवस ती पुन्हा बरी चालायची. सेल अगदीच मेले की तू दगडानं फोडून आतली काळी कांडी काढायचास आणि मावशींच्या भिंतीवर तिनं रेघोट्या ओढायचास. मावशी ओरडायच्या नाहीत. ओल्या फडक्यानं भिंत पुसायच्या आणि तुझे काळे हातही त्याच फडक्यानं पुसायच्या. आई आजारी पडली त्या वर्षी आपण दोघं त्यांच्याच चुलीपाशी जेवलो. पहिली भाकरी तुला, मग मला, मग त्यांना. हे मी तुला लाजवायला लिहीत नाही. लाज वाटायची असती तर आतापर्यंत वाटली असती.

तू क्रांती चौकामागच्या गल्लीत दुकान टाकलंस तेव्हा मी आयटीआयमध्ये निदेशक होऊन चार वर्षं झाली होती. पाटीवर 'साळूबाई इलेक्ट्रॉनिक्स' असं आईचं नाव रंगवताना तू मला बोलावलं होतंस, आणि आपण दोघंही रस्त्याच्या पलीकडून ते नाव बघत उभे राहिलो होतो. पहिली पाच-सहा वर्षं मी दर रविवारी तुझ्या काउंटरवर बसले. लोक विचारायचे आणि मी समजावून सांगायचे. भिंतीवरच्या घड्याळाला साधाच सेल घाला, तो वर्षभर जातो, तिथं चार्जिंगचा घालून उपयोग नाही. बीपीचं मशीन, पोरांची खेळणी, फोटोवाल्याचा फ्लॅश यांना पुन्हा चार्ज होणारे घ्या, पण दोनाचे दोन एकाच वेळचे, नवा-जुना एकत्र नको. सेल भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्या. आणि शेतावर न्यायच्या बॅटरीला लिथियमचा सेल लागतो, तर तो आधी हातात घेऊन बघा, चांगला सेल जड लागतो. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. बोटाएवढ्या त्या सेलात साडेतीन हजार मिलिअँपिअर-अवरच्या आसपास चार्ज मावतो, त्याच्या फार वर कोणी लिहिलं असेल तर ते खोटं. हे मी शंभरदा सांगितलं असेल. वाळूजच्या कंपन्यांतले फिटर, पैठणकडचे बागायतदार, ट्रेकिंगला जाणारी कॉलेजची मुलं, सगळे विचारायचे, आज ताई आहेत का. तुझं गिऱ्हाईक त्या रविवारांनी बांधलं, गोकुळ. आणि त्याच काउंटरवर तू नऊ हजार नऊशे छापलेला सेल ठेवलास.

मागच्या दिवाळीत तू दोन पोती घेऊन माझ्याकडं आलास. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल. म्हणालास, "ताई, यातले चांगले-वाईट वेगळे करून दे. चांगल्यांचे मी घरगुती इन्व्हर्टरचे पॅक करीन, बाकीचे भंगारात." मला त्यात वावगं दिसलं नाही. वाया जाणाऱ्या वस्तूतून काही उभं राहतंय, असंच वाटलं. सुट्टीत संस्थेच्या प्रयोगशाळेत बसून मी एकेक सेल मशीनवर लावला. बाराशेच्या वर निघाला तो एका खोक्यात. जो त्याच्या खाली गेला किंवा चार्ज होताना तापला, त्याच्या अंगावर लाल पेनानं फुली मारली आणि मिळालेला आकडा लिहिला. फुलीचे दोनशेच्या वर निघाले. ते खोकं तुझ्या हातात देताना मी म्हणाले होते, "हे घरातसुद्धा ठेवू नको." तू म्हणालास, "व्हय ताई, उद्याच टाकतो." हे तुझे शब्द आहेत. मी काहीही वाढवून लिहीत नाही.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला दुकानात आले तेव्हा तू जेवायला गेला होतास. कागदी पिशव्या शोधायला मी माळ्यावर चढले. तिथं प्लॅस्टिकच्या चकचकीत नळीचं बंडल होतं, निळ्या रंगाचं, आणि त्यावर इंचाइंचावर छापलेलं ९९००. शेजारी गरम हवेचं यंत्र, आणि माझं ते फुल्यांचं खोकं अर्धं रिकामं. मला समजायला एक क्षणही लागला नाही. मी रोज पोरांना हेच शिकवते की नळी चढवायची, गरम हवा द्यायची, ती आवळून बसते आणि जुनं अंग झाकलं जातं. तू आलास तेव्हा मी खाली उतरून उभी होते. तू आधी हसलास. मग म्हणालास, "ताई, सगळा बाजारच असा हाय. मी खरा आकडा लिहिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं." मी आवाज चढवला तेव्हा हात धरलास आणि आईची शपथ घेतलीस की उरलेले सगळे उद्याच्या उद्या भंगारात देतो. मी ते मान्य केलं. उरलेल्यांचं मान्य केलं, आणि विकलेल्यांचं विचारलंच नाही. त्या दिवशी मी घरी येऊन गूळपोळी खाल्ली, गोकुळ, आणि मला झोपही लागली.

फेब्रुवारीत गीतामावशी माझ्या दारात आल्या. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, आणि हौदात किती चढलं ते वाकून बघायला त्यांना बॅटरी हवी होती. नजर कमी झाली आहे, दिवसाही हौदात काही दिसत नाही. म्हणाल्या, "सुरे, कोणती घेऊ गं? मला त्यातलं काय कळतंय." मी कामात होते. वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "गोकुळकडून घ्या मावशी. माझं नाव सांगा." त्यांनी तुला माझं नाव सांगितलं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. सांगितलं असणार. आणि तू ते ऐकून काउंटरखालून दोन निळे सेल काढून दिले असणार.

मार्चमधल्या त्या दुपारी मी संस्थेत होते. सेल चार्जरवर लावलेले, ओट्यावर, भिंतीला टेकून. मावशी डाळ निवडत होत्या. आधी फुसफुस असा आवाज आला, मग उग्र वास. त्यांना वाटलं गॅस. उठून बघतात तर चार्जरातून धूर. त्यांनी जे कोणीही करेल ते केलं, हात घालून चार्जर खेचला. तेवढ्यात एक सेल हातातच फुटला. ओट्यावरचं तेलाचं भांडं पेटलं नाही, एवढंच नशीब. त्यांचा भाचा आकाश समोरच राहतो, तो धावला, त्यानं मेन स्विच पाडलं आणि उरलेला चार्जर चिमट्यानं अंगणात फेकला. दवाखान्यात मी पोचले तेव्हा हाताला पट्ट्या होत्या आणि मावशी मला म्हणत होत्या, "माझंच चुकलं असंल गं. लई वेळ लावून ठेवलं वाटतं."

दुसऱ्या दिवशी तू आलास. शहाळं घेऊन आलास. खुर्ची ओढून बसलास आणि पहिलंच वाक्य काय बोललास? "मावशी, चार्जिंगला लावून विसरला होतात का?" त्यांनी मान हलवली. पोटच्या पोरासारखं वाढवलेल्या माणसापुढं त्यांनी चूक कबूल केली, जी त्यांची नव्हतीच. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. तू माझ्याकडं एकदाही बघितलं नाहीस. आणि मीही काही बोलले नाही. त्या खोलीत आपण दोघं भाऊबहीण शोभलो खरे.

आठवड्यानं आकाश स्टीलच्या डब्यात वाळू घालून त्यात दुसरा सेल घेऊन आला, तो न फुटलेला. "ताई, तुम्ही यातल्या जाणत्या. जरा बघा," एवढंच म्हणाला. तो गेल्यावर मी हातमोजे घालून ब्लेडनं निळी नळी कापली. आत जुनं हिरवं अंग होतं. त्यावर लाल फुली होती, आणि फुलीखाली माझ्या अक्षरात '४१०, गरम'. तू पुसलंसुद्धा नव्हतंस. माझ्या अक्षरावरच नऊ हजार नऊशे चढवलं होतंस. मी तो सेल तसाच वाळूत ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

मग मी दुकानात आले, ते तुला आठवत असेलच. गिऱ्हाईक होतं म्हणून तू मला मागच्या खोलीत नेलंस. मला वाटलं होतं, तू रडशील. वेडी आशा. तू शांतपणे म्हणालास, "ताई, सेल तपासले कोणी? तूच. मशीन कोणाचं? सरकारी. माझं नाव निघालं तर तुझंबी निघंल. निवृत्तीला किती वर्षं राहिली तुझी?" लहानपणी गणित येत नव्हतं तुला. हे गणित मात्र बरोबर मांडलंस. मी घरी आले आणि गप्प बसले. अण्णांसाठी गप्प बसले, घराण्याच्या नावासाठी बसले, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं ते हे की मी नोकरीसाठी गप्प बसले. आकाशनं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं, अजून तपासते आहे. मार्च, एप्रिल, मे. तीन महिने त्याला असं टोलवलं. तुझ्यावरच्या रागातला निम्मा राग माझ्यावरचा आहे, हे मला कळतं. पण म्हणून तुझ्या वाटणीचा कमी होत नाही.

जूनमध्ये आकाशनं मावशींच्या नावानं ग्राहक आयोगात तक्रार केली. ऑगस्टमध्ये तुझं उत्तर आलं. त्यानं ते माझ्याकडं आणलं, कारण वकिली मराठी त्याला उमगेना. मी मोठ्यानं वाचत होते आणि मावशी ऐकत होत्या. 'सदर सेल घाऊक विक्रेत्याकडून सीलबंद घेतलेले असून त्यांच्या दर्जाबाबत सामनेवाल्यास काहीही माहिती नाही.' सामनेवाला म्हणजे तू. इथपर्यंत मी वाचलं. पुढं होतं, 'तक्रारदार ही वृद्ध, अशिक्षित व निष्काळजी स्त्री असून तिने स्वतःच्या हलगर्जीपणाने इजा ओढवून घेतली आहे.' हे वाक्य मी अर्ध्यात सोडलं. मावशी म्हणाल्या, "वाच की पुढं." मी वाचलं. त्यांनी हात उलटा करून तळव्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "अशिक्षित तर मी हायेच. पण निष्काळजी नव्हते गं. तुम्हा दोघांना कधी उपाशी ठेवलं का?" वाक्य वकिलाचं असेल, गोकुळ, पण खाली सही तुझी आहे.

गणपतीत अण्णा माझ्याकडं आले. त्यांना तूच पाठवलं होतंस, हे त्यांनी लपवलं नाही. चहा घेतला आणि म्हणाले, "घरातलं घरात राहू दे सुरेखा. तुझ्या आईच्या नावाचं दुकान हाय ते." मी विचारलं, त्या नावाखाली काय विकलं गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे का? ते म्हणाले, "मला त्यातलं कळत नाय." मग मी त्यांना सगळं सांगितलं, पोती, फुल्या, माळा, सगळं. शेवटी उठले, चपला घातल्या आणि दाराशी थांबून म्हणाले, "गीताबाईला तोंड दाखवून येतो." आणि खरंच त्यांच्याकडं गेले. काय बोलले ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून ते तुझ्या दुकानात बसायला येत नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून नव्हे.

अण्णा जाऊन आले, मग मला घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी तो सेल घेऊन मी मावशींकडं गेले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून फुलीवर बोट ठेवून सांगितलं की ही मी मारली आहे, दिवाळीत, आणि संक्रांतीला मला कळलं होतं, आणि तरी फेब्रुवारीत मीच तुम्हाला तिकडं पाठवलं. मला वाटत होतं त्या रडतील, नाहीतर मला जवळ घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाल्या, "म्हंजी तुला ठावं व्हतं. तू खूणबी केली व्हती. मग सांगितलं का नाय?" त्या उठल्या, डाव्या हातानं माठातलं पाणी काढून मला दिलं, आणि म्हणाल्या, "आता जा तू. मला जरा पडायचंय." तेव्हापासून मी रोज जाते. त्या दार उघडतात. पूर्वीसारखं 'सुरे' म्हणत नाहीत, 'बाई' म्हणतात. त्यांचा तो हक्क आहे.

आता हे का लिहिलं ते सांगते. काल मी शपथपत्रावर सही केली. प्रयोगशाळेतल्या वहीच्या प्रती जोडल्या, दोनशे चौदा सेल, प्रत्येकाचा आकडा, माझी सही आणि तारीख. नळीच्या बंडलाबद्दल लिहिलं. तुझ्या मागच्या खोलीतलं बोलणं लिहिलं. आणि मला माहीत असून मी कधीपासून कधीपर्यंत गप्प होते, तेही महिन्यांसकट लिहिलं. उद्या सकाळी आकाशचे वकील ते आयोगात दाखल करतील. संस्थेच्या प्राचार्यांना मी वेगळं पत्र दिलं आहे, कारण मशीन सरकारचं होतं. चौकशी लागेल, कदाचित निलंबनही होईल. तू घातलेली भीती खरी होती, फक्त ती मला आता पुरेना. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्याचसाठी हे पत्र. मी तुझ्या विरोधात आहे, आणि ते तुझ्या तोंडावर सांगते आहे. तुझ्याकडं माफी मागत नाही आणि तुला माफही करत नाही. पण त्या दोनशे चौदांतले दोन मावशींच्या घरी निघाले. उरलेले कोणाकोणाच्या ओट्यावर, गोठ्यात, पोरांच्या उशाशी चार्जिंगला लागले असतील, ते फक्त तुला माहीत आहे. तुझ्याकडं गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. आयोग काय करायचं ते करील, त्याला महिने लागतील. तू आज फोन लाव. हे पत्र खाली ठेव आणि पहिला नंबर फिरव. हे केलंस तर उद्याचं शपथपत्र मागं घेईन असं समजू नकोस, घेणार नाही. तरीही फोन लाव.

तुझीच,
सुरेखाताई